‘चर्च’ हा शब्द इंग्रजीत शिरला कुठून?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी,

एक भाषिक शंका बरेच दिवस डोक्यात घोळतेय. फ्रेंचमध्ये एग्लीझ, स्पॅनिशमध्ये इग्लेसिया, पोर्तुगीजमध्ये इग्रेजा, इटालियनमध्ये किएझा. ही सगळी ‘एक्लेसिया’ या ग्रीक शब्दाची लेकरं. पोर्तुगिजांबरोबर तो आपल्याकडे आला आणि गोव्यात ‘इगर्ज’ झाला, तिकडे हिंदी-बंगालीत ‘गिरजा’. इंग्रजांना अगदी खेटून असलेल्या वेल्श लोकांकडेसुद्धा एक्लेसियाचाच वंशज आहे.

आता इंग्रजांना ख्रिस्ती केलं ते मुख्यतः रोमने. पोप ग्रेगरीने धाडलेला ऑगस्टीन ५९७ साली केंटच्या किनाऱ्यावर उतरला. त्याची भाषा लॅटिन, म्हणजे तोंडी एक्लेसियाच असणार. मग या लोकांच्या तोंडी ‘चर्च’ कसं काय बसलं? शब्दकोश उघडला तर तो म्हणतो, मूळ ग्रीक ‘कुरिआकॉन’. रोमला वळसा घालून ग्रीक शब्द इंग्लंडात पोचलाच कसा? जाणकारांनी जरा इस्कटून सांगावं.

पारोसा

रोज चर्चगेटला उतरतो, पण हा प्रश्न काही कधी पडला नाही. वाचनखूण साठवली आहे.

चहाटळ

सोप्पंय. आमच्या एका ग्रुपवर आलं होतं की चर्च हा मूळ संस्कृत शब्द, ‘चर्चा’वरून. पूर्वी तिथे बसून लोक धर्मचर्चा करायचे म्हणे. दुसऱ्या ग्रुपवर आलं की तो सर्सी नावाच्या ग्रीक चेटकिणीवरून आलाय. मी दोन्ही ग्रुपांत आहे. दोन्हीकडच्या ॲडमिनांची एकदा गाठ घालून द्यावी म्हणतो.

मुलुंडचा मास्तर

चर्चाही नाही आणि चेटकीणही नाही.

ग्रीकमध्ये ‘कुरिओस’ म्हणजे धनी, प्रभू. त्यावरून ‘कुरिआकॉन’ म्हणजे ‘प्रभूचं’, इथे अर्थात प्रभूचं घर. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला पूर्वेकडचे ख्रिस्ती लोक प्रार्थनेच्या वास्तूला हा शब्द वापरत होते. ३१४ सालच्या अँकिरा (आजचं अंकारा) इथल्या धर्मसभेच्या नियमांतसुद्धा तो आहे. एक्लेसिया म्हणजे मुळात माणसं, जमलेली सभा. कुरिआकॉन म्हणजे इमारत. हा फरक लक्षात ठेवा, पुढे यावरूनच मारामाऱ्या झाल्यात.

आता हा शब्द जर्मानिक टोळ्यांच्या (म्हणजे जर्मन, डच, इंग्रज वगैरेंच्या पूर्वजांच्या) तोंडी ऑगस्टीनच्या कितीतरी आधी गेला होता. त्यासाठी ख्रिस्ती व्हायची गरज नव्हती. या टोळ्या रोमन साम्राज्याच्या सीमेवर राहायच्या, फौजेत चाकरी करायच्या आणि संधी मिळाली की लुटायच्या. चर्च म्हणजे चांदीसोन्याची भांडी असलेली, फारसा पहारा नसलेली इमारत. ज्या घरावर दरोडा घालायचा त्याला काय म्हणतात हे दरोडेखोराला माहीत असतंच. धर्म नंतर आला, शब्द आधी. त्यांतलीच अँग्लो-सॅक्सन मंडळी, म्हणजे इंग्रजांचे पूर्वज, ब्रिटनमध्ये आली ती बहुधा हा शब्द गाठीला बांधूनच.

म्हणून जर्मन किर्ख, डच केर्क, स्वीडिश शिर्का, फिनिश किर्को ही सगळी एकाच घरची. रशियन ‘त्सेर्कोव’सुद्धा जर्मानिककडूनच गेलेला. गंमत म्हणजे रुमानियन लोकांनी तिसरीच वाट धरली, त्यांच्याकडे ‘बिसेरिका’, बॅसिलिका म्हणजे रोमन सभागृह, त्यावरून. आणि पोलिश शब्द ‘कोश्चुव’ लॅटिनमधल्या गढीवरून, म्हणजे कास्तेलुमवरून.

बोरकूट

मास्तर, दरोड्याची कथा रंगतदार आहे, पण मी गॉथ या जर्मानिक टोळीबद्दल वाचलं होतं. नवव्या शतकातला वालाफ्रिड स्ट्राबो नावाचा जर्मन मठाधिपती लिहून गेलाय की हा शब्द आम्हाला ग्रीकांकडून गॉथांमार्फत आला. गॉथ तर रीतसर ख्रिस्ती होते, ग्रीकांच्या शेजारी राहत होते. शिवाय स्ट्राबो आपल्यापेक्षा बाराशे वर्षांनी जवळचा साक्षीदार.

मुलुंडचा मास्तर

स्ट्राबोला हा प्रश्न पडला होता याचंच मला कौतुक आहे. गोदाकाठची, तुमची शंका साडेअकराशे वर्षं जुनी आहे बरं का! पण गॉथांच्या कथेत एक खोट आहे. त्यांच्या वुल्फिला नावाच्या बिशपने चौथ्या शतकात केलेलं गॉथिक बायबल आज तुकड्यातुकड्यांत उपलब्ध आहे आणि त्यात शब्द आहे ‘ऐक्लेस्यो’, म्हणजे एक्लेसियाच. ज्यांच्यामार्फत कुरिआकॉन आला म्हणायचं, त्यांच्या हातच्या मजकुरात तो सापडत नाही.

बोरकूट

बायबलमध्ये सभेला शब्द लागतो, इमारतीला कुठे लागतो? गॉथ घरात कुरिआकॉन म्हणत असतील आणि पोथीत ऐक्लेस्यो. माझा गॉथांवर विश्वास कायम.

मुलुंडचा मास्तर

असू दे. तसंही असू शकतं. मी ऱ्हाइनकाठच्या रोमन छावण्यांच्या बाजूने, तुम्ही डॅन्यूबकाठी. मध्ये जागा भरपूर आहे.

अर्धवट

ते ठीक, पण कुरिआकॉनमधल्या ‘क’चा ‘च’ कसा झाला?

मुलुंडचा मास्तर

जुन्या इंग्रजीत इ-ए या स्वरांशेजारी आलेला ‘क’ टाळूवर सरकला. जर्मन ‘किन’ (हनुवटी) तर इंग्रजी ‘चिन’. जर्मन ‘केझं’ तर इंग्रजी ‘चीज’. आपल्या शब्दात दोन्हीकडचे क सरकले आणि झालं ‘चिरिचे’. मग स्वर गळत गळत चर्च. उत्तरेकडे डेन आणि नॉर्वेकर येऊन बसले होते, त्यांच्या तोंडच्या ‘किर्क्या’मुळे तिथे क शाबूत राहिला. मँचेस्टर आणि लँकॅस्टर हीच जोडी बघा. दोन्ही एकाच लॅटिन ‘कास्त्रा’ची.

एडिनबरावासी

माझा प्रांत आला! इथे स्कॉटलंडात ‘कर्क’च. अधिकृत नाव चर्च ऑफ स्कॉटलंड, पण वर्तमानपत्रांच्या मथळ्यांपासून शेजारच्या आजोबांपर्यंत सगळे ‘द कर्क’ म्हणतात. कारभार बघणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या समितीला कर्क सेशन. आमच्या गल्लीच्या टोकाच्या कर्कच्या फाटकावर काचेआड एक फळा आहे. वर सोनेरी अक्षरांत रविवारच्या उपासनेची वेळ आणि त्याखाली टाचणीने लावलेला योगवर्गाचा कागद. रविवारी माणसं मोजकी, योगाला गाड्या लावायला जागा नसते. कित्येक जुने कर्क आता विकले जातात, त्यांत लोकांची घरं होतात, कॅफे होतात.

गावांच्या नावांत तर हा शब्द पसरलेलाच आहे. उत्तर इंग्लंडात कर्कबी पैशाला पासरी, तिकडे ऑर्म्सकर्क, इकडे फॉलकर्क म्हणजे ठिपक्याठिपक्यांचं चर्च. फ्रान्सच्या किनाऱ्यावरचं डंकर्क म्हणजे वाळूच्या टेकड्यांतलं चर्च. कर्कॉडी नावाचं गावही आहे, ॲडम स्मिथचं.

मुलुंडचा मास्तर

कर्कॉडी वगळा. त्यातला पहिला भाग ‘केर’ आहे, ब्रिटॉनिक, म्हणजे इंग्रजांच्या आधी ब्रिटनमध्ये चालणाऱ्या, वेल्शच्या पूर्वज भाषेतला किल्ला. स्पेलिंगने चकवा दिलाय. उलटही होतं. चर्चिल नावाच्या काही गावांत चर्चचा संबंधच नाही. तिथे मूळ शब्द टेकडी अशा अर्थाचा ब्रिटॉनिक ‘क्रुग’. इंग्रजांना तो कळेना म्हणून त्यांनी ओळखीच्या ‘चिरिचे’सारखा केला आणि वर स्वतःचा ‘हिल’ जोडला. म्हणजे टेकडी-टेकडी.

खडकवासी

मग आमची कर्की? लष्करातले लोक अजून कर्कीच लिहितात. बॉम्बे सॅपर्स कर्की, कर्की वॉर सिमेटरी. कुणी स्कॉटिश साहेब येऊन कर्क बांधून गेला होता काय?

बोरकूट

साहेबाला ‘खडकी’ म्हणता येईना, एवढीच त्यातली व्युत्पत्ती. १८१७च्या नोव्हेंबरात बाजीरावाची फौज तिथे इंग्रजांशी लढली तेव्हापासून त्यांच्या कागदांत ते नाव वाकडं ते वाकडंच.

पारोसा

चर्चगेटला गेटही नाही आणि चर्चही नाही, त्याचं काय ते सांगा.

बोरकूट

होतं ना. मुंबईच्या किल्ल्याच्या तटाला जे दरवाजे होते, त्यातला पश्चिमेकडचा दरवाजा सरळ सेंट थॉमसच्या चर्चकडे जायचा, म्हणून चर्च गेट. ते चर्च १७१८च्या नाताळात उघडलं, हॉर्निमन सर्कलपाशी आजही आहे. १८६०च्या दशकात तट पाडले. दरवाजाच्या जागी फ्लोरा फाउंटन उभं राहिलं. स्टेशन १८७०चं, तेही दरवाजाच्या जागेपासून बरंच पश्चिमेला. म्हणजे पारोसा, तुम्ही उतरता तिथून चर्चच्या दारात जायचं तर पाऊण-एक किलोमीटर तंगडतोड करायला हवी.

आणि एडिनबरावासी, तुमचा कर्कही मुंबईत आहे. सेंट अँड्र्यूज, फोर्टात लायन गेटसमोर, १८१९चं. लोक स्कॉट्स कर्क म्हणायचे.

वसईकर

धागा उशिरा दिसला. आमच्या वसईत जुनी माणसं अजून ‘देवळात जातो’ म्हणतात आणि समोरच्याला कळतं कुठल्या देवळात. पॅरिशला धर्मग्राम, बिशपच्या प्रदेशाला धर्मप्रांत. आणि चर्च म्हणजे समस्त श्रद्धावंत असा अर्थ असेल तर ख्रिस्तसभा. म्हणजे मास्तरांनी वर जो सभा आणि इमारत असा फरक सांगितला, तो आम्ही बोलताना रोज पाळतो. इमारतीचा जीर्णोद्धार होतो, ख्रिस्तसभेचा नाही.

कुरिओसवरून आठवलं, मिस्सेत (आमच्या कॅथलिक उपासनेत) ‘कीरिये एलेयसोन’ म्हणतात तेच ना हे? प्रभो, दया कर.

मुलुंडचा मास्तर

तेच. त्याच शब्दाचं संबोधन.

निशिगंध

मास्तर ‘मारामाऱ्या झाल्यात’ एवढं बोलून पुढे निघून गेले. खरी गोष्ट तर तिथेच आहे.

विल्यम टिंडेल या इंग्रज धर्मसुधारकाने ग्रीकवरून नव्या कराराचं इंग्रजी भाषांतर केलं, १५२६ साली ते जर्मनीतल्या वर्म्स इथे छापलं आणि गाठोड्यांत लपवून इंग्लंडात आणलं. त्यात जिथे जिथे एक्लेसिया आलं तिथे त्याने ‘चर्च’ न लिहिता ‘कॉन्ग्रिगेशन’ लिहिलं. म्हणजे जमलेली माणसं. वरवर बघता शब्दाचा बारीक फरक. पण आपल्या पेत्र या शिष्याला येशू म्हणतो ‘या खडकावर मी माझं अमुक उभारीन’, त्या अमुकच्या जागी चर्च घातलं की पोप, बिशप, सगळी उतरंड उभी राहते. तिथे ‘जमाव’ घातला की उतरंड गडगडली.

पोपचा कट्टर पाठीराखा, विद्वान थॉमस मोर भडकला. १५२९ साली त्याने टिंडेलवर पुस्तकच लिहिलं आणि तीन शब्दांवर बोट ठेवलं. चर्चचं कॉन्ग्रिगेशन, प्रीस्टचं सीनियर आणि चॅरिटीचं लव्ह. टिंडेलने १५३१ला उत्तर दिलं आणि त्यात मोरला चांगलाच चिमटा काढला, की तुमचा लाडका मित्र इरॅस्मस लॅटिनमध्ये हेच करतो, त्याला का नाही बोलत? शिवाय त्याचं म्हणणं, पाद्र्यांनी हा शब्द स्वतःपुरता बळकावलाय, लोकांना वाटतं चर्च म्हणजे पाद्रीच.

पुढे मोरचं डोकं १५३५ला आठव्या हेन्रीने उडवलं. टिंडेल त्याच वर्षी अँटवर्पमध्ये पकडला गेला आणि १५३६च्या ऑक्टोबरात ब्रसेल्सजवळ त्याला गळा आवळून मग जाळला. भांडणारे दोघेही सव्वा वर्षात संपले, भांडण राहिलं. १६०४ साली राजा जेम्सने नव्या भाषांतराचा घाट घातला तेव्हा भाषांतरकारांना जे नियम दिले, त्यातला तिसराच नियम असा की जुने धार्मिक शब्द तसेच ठेवायचे, ‘चर्च’चं ‘कॉन्ग्रिगेशन’ करायचं नाही. राजाज्ञेने शब्द राखला! १६११च्या त्या बायबलात भाषा पानोपानी टिंडेलची आहे, पण हा शब्द मोरच्या बाजूचा.

त्यातही एक मौज. ‘प्रेषितांची कृत्ये’ या नव्या करारातल्या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात इफिस शहरात अर्तमी देवीचे भक्त दंगा करतात. त्या दंगलखोर जमावाला मूळ ग्रीकमध्ये चक्क एक्लेसिया म्हटलंय. तिथे जेम्सच्या पंडितांनी चर्च घातलं नाही, ‘असेंब्ली’ घातलं. आणि त्याच अध्यायात थोडं खाली ‘देवळं लुटणारे’ अशा अर्थाचा वेगळा ग्रीक शब्द आहे, तिथे मात्र टिंडेलने आणि मग त्यांनीही ‘चर्च लुटणारे’ लिहिलं. अर्तमीचं चर्च! मास्तरांचे दरोडेखोर इथे भेटतात बघा.

अर्धवट

जबरी प्रतिसाद. एका शब्दासाठी जीव जायचा आणि आपण इथे ऱ्हस्व-दीर्घावरून भांडतो.

पारोसा

ऱ्हस्व-दीर्घावरूनही जीव जाईल एक दिवस या संस्थळावर.

नेवाशाची

निशिगंध, फार सुंदर लिहिलंत. आता माझी भर. आम्ही नगरकडचे प्रॉटेस्टंट. आमच्या मराठी बायबलात टिंडेलचं म्हणणं कधीच मान्य झालंय. तुम्ही दिलेलं वाक्य आमच्याकडे असं आहे: ‘ह्या खडकावर मी आपली मंडळी रचीन’. चर्च नाही, मंदिर नाही, मंडळी. करिंथची मंडळी, इफिसची मंडळी. बोलण्यातही तेच चालतं. मंडळीचा पाळक, मंडळीतले वडील, ‘यंदा मंडळीची सभा कधी आहे?’ माझी आजी इमारतीला चर्च म्हणायची आणि चर्चमधल्या माणसांना मंडळी, आणि दोन्हींत तिची कधी गल्लत झाली नाही. पावसात पत्रे उडाले तर ते चर्चचे. नंतर चिंब भिजत पत्रे धरून बसली ती मंडळी.

धागालेखिकेनेही सुरुवात ‘नमस्कार मंडळी’ अशीच केलीय. नकळत बायबली!

खडकवासी

‘ह्या खडकावर’! म्हणजे खडकी आलीच की शेवटी.

एडिनबरावासी

ह ह पु वा, हसून हसून पुरेवाट.

चहाटळ

पण आमचे आजोबा आजीला ‘आमची मंडळी’ म्हणायचे. ‘मंडळी माहेरी गेलीय, चहा मिळणार नाही.’ त्यांनी हे वाक्य वाचलं असतं तर म्हणाले असते, खडकावर रचलेली आहे खरी.

नेवाशाची

हसा, पण इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात नेमकं हेच आहे. ख्रिस्ताने मंडळीवर प्रीती केली तशी पतींनी पत्नीवर करावी. मंडळी ही ख्रिस्ताची वधू असं मानतात. तुमच्या आजोबांचा शब्द दोन्ही अर्थी बसला.

वसईकर

हे आता पुढच्या लग्नाच्या प्रवचनात ऐकायला मिळालं तर मी दचकणार नाही.

बोरकूट

अवांतर: मध्ययुगात इंग्लंडात ‘चर्च-एल’ नावाचा प्रकार असे. चर्चचे कारभारी पीठ-माल्ट गोळा करून बिअर गाळायचे, सणाच्या दिवशी सगळ्या गावाला ती विकायचे आणि नफ्यातून छप्पर, घंटा, मेणबत्त्या यांचा खर्च भागवायचे. नाच, धनुर्विद्या, सोंगं सगळं चाले. सोळाव्या-सतराव्या शतकात प्युरिटन, म्हणजे कर्मठ प्रॉटेस्टंट, लोकांनी नाकं मुरडून बहुतेक ठिकाणी ते बंद पाडलं.

पारोसा

आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीपुढे हा प्रस्ताव ठेवण्यात येईल. वर्गणीसाठी दारं वाजवण्यापेक्षा बरं.

गोदाकाठची

सगळ्यांचे आभार, धागा माझ्या अपेक्षेबाहेर फुलला. पण माझ्या शंकेचं अर्धं उत्तर राहिलं. शब्द आधी आला, मान्य. पण ५९७ नंतर शेकडो वर्षं सगळा धर्मव्यवहार लॅटिनमध्ये चालला. बिशप, मंक (मठवासी), मास (मिस्सा) हे शब्द लॅटिनकडून इंग्रजीत आलेच ना? मग एक्लेसियाने चर्चला हुसकावून कसं लावलं नाही?

मुलुंडचा मास्तर

नवा शब्द लागतो तो नव्या वस्तूला. मठ, मिस्सा, बिशपचं पद या गोष्टी त्यांनी पूर्वी पाहिल्या नव्हत्या किंवा त्यांच्याशी व्यवहार नव्हता. इमारत पाहिलेली होती, तिचं नाव जिभेवर रुळलेलं होतं. ऑगस्टीनच्या लोकांना शिकवायचं होतं, भाषा सुधारायची नव्हती. जे चालू होतं ते त्यांनी चालवून घेतलं.

सभा अशा अर्थी मात्र जुन्या इंग्रजीने स्वतःचा एक शब्द घडवला होता, ‘गेलाथुंग’. बोलावून जमवलेले लोक. दहाव्या-अकराव्या शतकातल्या एल्फ्रिक या इंग्रज मठाधिपतीच्या प्रवचनांत तो सर्रास आहे. अगदी मराठी ‘मंडळी’च्या जागेवरचा. १०६६ साली फ्रान्सकडून नॉर्मन राज्यकर्ते आल्यानंतर तो मेला आणि दोन्ही अर्थांचं ओझं एकट्या ‘चर्च’वर पडलं. टिंडेल पाचशे वर्षांनी जे करू बघत होता ते इंग्रजीत पूर्वी होतंच, त्याला नव्याने लॅटिनकडून उसना शब्द आणावा लागला इतकंच.

आणि एक्लेसिया इंग्लंडातून पूर्ण गेलाही नाही. मँचेस्टरजवळ एकल्स नावाचं गाव आहे, मनुकांच्या एकल्स केकचं. ते नाव ब्रिटॉनिकमार्फत एक्लेसियावरूनच. म्हणजे सॅक्सन यायच्या आधी तिथे ख्रिस्ती ब्रिटन होते, त्यांचं काहीतरी उभं होतं. नव्या लोकांनी गावाचं नाव ठेवलं, शब्द नाही घेतला.

निशिगंध

गेलाथुंग! हे माहीत नव्हतं. टिंडेलला कुणीतरी सांगायला हवं होतं.

अर्धवट

म्हणजे संस्कृतशी काहीच नातं नाही? चहाटळांचा ग्रुप नाराज होईल.

मुलुंडचा मास्तर

चर्चाशी नाही. पण कुरिओसच्या मागे जाल तर ‘बळ, फुगणं, सामर्थ्य’ अशा अर्थाचा, ग्रीक-संस्कृतच्या सामाईक पूर्वज भाषेतला जो आद्य धातू मिळतो, त्याचीच संस्कृतातली शाखा म्हणजे ‘शूर’. आणि चर्चच्या मधल्या दालनाला नेव्ह म्हणतात, ते लॅटिन जहाजावरून. त्याचं आपल्याकडचं भावंड ‘नौ’, म्हणजे मराठी नाव, होडी.

चहाटळ

चर्च म्हणजे शूर!! पाठवलं दोन्ही ग्रुपवर.

मुलुंडचा मास्तर

अहो, भावंडं म्हटलं मी. ‘मूळ संस्कृत’ असं लिहू नका.

चहाटळ

उशीर झाला मास्तर. पहिलीच ओळ तीच आहे, वर मशाल आणि घंटा पण लावलीय.

पारोसा

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पोचलासुद्धा. खाली कुणीतरी जोडलंय, ‘जर्मनीच्या विद्यापीठाने मान्य केले’.